चौशिंग्याचं गाऱ्हाणं

शिमग्याच्या आदल्या दिवशी आमच्या वाडीतले पुरुष पारधीला निघतात. शिकारीला बंदी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण कायदा राहतो पोलादपुरात आणि आमची वाडी उमरठच्या वर डोंगरात. देवळात गाऱ्हाणं होतं, म्हणजे एकाने देवाला साकडं घालायचं आणि बाकीच्या पुरुषांनी 'होय महाराजा' म्हणायचं. नारळ फुटतो, मगच माणसं रानात शिरतात. नारळ द्यायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, हा मान आमच्या घराचा. पालखीही पहिली आमच्याच दारात येते. या मानापायी माझ्या सासऱ्यांनी अर्ध्या वाडीशी बोलणं टाकलं होतं, यावरून काय ते समजा.

पारधीचा नियम एकच. चौशिंग्याला हात लावायचा नाही. चार शिंगांचं जनावर ग्रामदेवाचं. बिनशिंगांचं दिसलं तर ते भेकर. ते खुशाल मारावं आणि घरोघर वाटा पोचवावा.

यंदा माघात माझ्या सासूबाई, रखमाबाई, लाकडं आणायला गेल्या आणि रिकाम्या हाताने परत आल्या. झऱ्यावर त्यांना चौशिंगा दिसला होता. त्याच्याजवळच एक भेकर पाणी पीत होतं आणि त्याला दोन पिल्लं लुचत होती. मी फोनवर शोधलं. चौशिंग्याच्या मादीला शिंगं नसतातच.

सासूबाईंनी फोनातला मादीचा फोटो निरखून पाहिला. हेच ते झऱ्यावरचं भेकर. "म्हंजी इतकी वर्सं आमी देवाच्या जनावराची बायको खाल्ली गो, सारिका? आणि वर इचारतो, चौशिंगं दिसत का नाय!"

त्यांनी तिथेच ठरवलं, यंदा पारध होऊ द्यायची नाही. एकदा ठरवलं की ही बाई ब्रह्मदेवाच्या बापाचं ऐकत नाही.

शिमगा जवळ आला तसा माझा नवरा किशोर खास गाऱ्हाण्यासाठी मुंबईहून आला. आईचा बेत ऐकून तो उखडलाच. "आई, सहदेवकाका टपून बसलेत. आपण नारळ नाय दिला तर मान त्यांना जाईल. परत नाय यायचा."

"ठाव हाय मला. तुझ्या बापानं जपला, मी पण जपला. पण त्या पिल्लांच्या आईपेक्षा मोठा नाय तो." बोलताना त्यांचे डोळे भरले. मलाही मेलं रडू आलं.

पारधीच्या सकाळी देवळापुढे सगळी वाडी जमली. बायका मागे उभ्या राहतात, अशी रीत. सासूबाई नारळ घेऊन थेट पुढे गेल्या आणि वरच्या आळीच्या सहदेवकाकांपुढे तो धरला.

"घ्या भावजी. आजपासून मान तुमचा. माझी तक्रार नाय." काका मिशीत हसले. "फक्त देवाला खरं सांगा. भेकर म्हणू नका. म्हणा, तुझ्या चौशिंग्याची बायको मारायला निघालोय, यश दे."

"काय पण काय बोलतेस, वयनी!"

"डोळ्यांनी बघितलंय मी. सारिकाच्या फोनात फोटू हाय, बघा. मग देवापुढं खोटं बोलायचं तर बोला. तुमी जाणा नि देव जाणे."

फोन हातोहात फिरला. मुंबईची पोरं फोटो बघायची आणि मान खाली घालायची. किशोर गुपचूप आईशेजारी जाऊन उभा राहिला.

काका देवासमोर गेले. या क्षणासाठी त्यांनी जन्मभर वाट पाहिली होती. त्यांनी नारळ वर धरला.

"बा देवा महाराजा..."

"होय महाराजा!" पुरुष गरजले.

"तुझी लेकरं आज रानात..."

पुढे शब्द फुटेना. काकांनी वर धरलेला नारळ छातीशी घेतला. मला त्यांची दया आली, खरंच सांगते. आयुष्यभर हवा असलेला मान हाती आला, आणि तो मिळताच देवाशी खोटं बोलायची वेळ यावी! त्यांनी एकदा सासूबाईंकडे पाहिलं, एकदा देवाकडे.

"तुझी लेकरं आज रानात जात नाय. तुझी जनावरं तू राख, आमाला पण तूच राख."

पुरुष एकमेकांकडे बघू लागले. पिढ्यान्‌पिढ्या असं गाऱ्हाणं कुणी ऐकलंच नव्हतं. मग, बायकांनी कधी द्यायची नसते ती साद सासूबाईंनी खणखणीत आवाजात दिली.

"होय महाराजा!"

आणि त्यांच्यामागून अख्खी वाडी.