तोट्याची साक्ष

मुकादमबाईंनी खुर्ची भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणली, तिच्यावर ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "हं, विचारा काय विचारायचं ते. मी काही कुणाला भीत नाही."

वाचनालयाच्या मागच्या खोलीत साक्षीची तालीम चालली होती. भिंतीला टेकून संघातल्या दहा-बारा बायका बसल्या होत्या. सगळ्यांचे केस पांढरे, आणि निम्म्याजणींच्या गुडघ्यांना पट्टे. संघाची वकीलीण वयानं त्यांच्या नातीएवढी होती. आज ती सरकारी वकिलाचं सोंग घेऊन टेबलामागे उभी होती.

"त्या दुपारी तुम्हाला नेमकं काय झालं?"

"काय व्हायचंय? जरा गरगरलं. बसले घटकाभर."

"बसलात?"

"म्हणजे, आडवी झाले म्हणा."

कोपऱ्यातल्या भूगोलबाईंनी कपाळाला हात लावला. "आडवी झाले म्हणे! अगं, स्वयंपाकघरात फरशीवर पालथी पडली होतीस तू. मी माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडून आत आले, तुला उताणं केलं तर डोळे पांढरे, जीभ कोरडीठाक. खालच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं म्हणून आज बोलतेयस."

"मग तूच सांग की कोर्टाला सगळं."

"मी सांगेनच. पण जिच्यावर बेतलं तीच 'जरा गरगरलं' म्हणाली, तर मी पाहिलेल्याला कोण विचारतो?"

भूगोलबाईंनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला होता, आणि निवृत्त झाल्यावरही पृथ्वी त्यांच्या मानगुटीवरून उतरली नव्हती. संघ त्यांनीच उभा केला होता. उन्हाच्या लाटेत सगळ्यांत जास्त मरतात त्या म्हाताऱ्या बायका. पृथ्वी तापवणारा धूर कमी करू, असं सरकारनं लिहून दिलं आणि केलं काही नाही. मग हा आमच्या जगण्याच्या हक्कावरच घाला नाही का, असा त्यांचा सवाल होता. हक्काचा कायदा सगळ्या माणसांसाठी आहे, म्हाताऱ्या बायका त्यात येत नाहीत असं कुठे लिहिलेलं नाही. पण वकीलीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की पृथ्वी तापतेय असं नुसतं सांगून कोर्टात भागत नाही. ती कुणाला भाजतेय ते माणूस उभं करून दाखवावं लागतं.

आणि असं माणूस संघात एकच उरलं होतं. दम्यानं बेजार झालेली एकजण होती, ती तारखांची वाट पाहता पाहता गेली. दुसरीच्या मुलांनी तिला घरातच अडवलं. राहिल्या मुकादमबाई. इस्पितळाच्या धुलाईघरात त्यांनी उभी हयात घालवली, शेवटी तिथल्या मुकादम झाल्या. नोकरी सुटली तरी हाक तीच राहिली. उकळत्या पाण्याच्या टाक्या आणि चादरींवरून फिरणारे तापलेले रूळ यांच्यामध्ये राहून त्या कधी 'हुश्श' म्हणाल्या नव्हत्या. अशा बाईला उन्हानं पाडलं हे त्यांचं त्यांनाच पटत नव्हतं.

पण खरी गोम निराळीच होती, आणि ती फक्त भूगोलबाईंना ठाऊक होती. नवरा गेला तेव्हा मुलगी त्यांना न्यायला आली होती. मुकादमबाई हटल्या नाहीत. दोन खोल्या, सगळ्यांत वरचा मजला, डोक्यावर थेट स्लॅब. तरी त्या खोल्यांत त्या स्वतःच्या मर्जीच्या मालकीण होत्या. रेडिओ मोठा लावावा, वाटेल तेव्हा जेवावं, न सांगता बाहेर पडावं. मुलीचं घर वाईट नव्हतं, उलट फार चांगलं होतं. इतकं चांगलं की कप विसळायला उठलं तरी कुणीतरी तो हातातून काढून घ्यायचं. शेवटी मायलेकींचा तह झाला. "एकदा जरी पडलीस ना आई, तरी सामान बांधायचं. शब्द दे," मुलगी म्हणाली होती. त्यांनी शब्द दिला.

आणि त्या पडल्या, तेव्हा गालावरच्या काळ्यानिळ्या डागाबद्दल त्यांनी मुलीला सांगितलं, की कपाटाचं दार लागलं. धुलाईघरात शब्दाची पक्की म्हणून नाव असलेली बाई पोटच्या पोरीशी खोटं बोलली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तेव्हा त्यांनी मनाला समजावलं होतं.

"मावशी, नको असेल तर नका बोलू," वकीलीण टेबलामागून बाहेर येत म्हणाली. "पण बोललात तर सगळं बोलावं लागेल."

"मला कळतं ते," मुकादमबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची उचलून परत भिंतीला लावली.

त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती औषधांच्या दुकानात काम करायची, मागे गिऱ्हाइकांची गडबड ऐकू येत होती.

"आई, मी रजा टाकलीय हं. पुढच्या रांगेत बसणार."

"कशाला गं रजा वाया घालवतेस? तिथे नुसती वकिलांची घासाघीस."

"वा! माझी आई सरकारला कोर्टात खेचणार आणि मी इकडे खोकल्याची औषधं विकत बसू? सगळ्या दुकानाला सांगून ठेवलंय मी."

आता सांगावं. हीच वेळ आहे. मुकादमबाईंनी तोंड उघडलं. पलीकडे मुलगी कुणाला तरी हसून म्हणत होती, "हो, माझीच आई."

"येताना पाण्याची बाटली आण," मुकादमबाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.

सुनावणीच्या दिवशी कोर्टात गारव्याचं यंत्र लावून इतका गारठा केला होता, की बायका शाली गुंडाळून बसल्या. "उन्हाची फिर्याद आणि थंडीनं कुडकुडतोय आपण," भूगोलबाई पुटपुटल्या. बायका खुसुखुसू हसल्या. मुलगी पुढच्या रांगेत होती. तिनं आईकडे बघून अंगठा वर केला.

शपथ झाली. वकीलिणीनं विचारलं आणि मुकादमबाईंनी सांगितलं. सुरुवातीला शब्द अडखळत आले. स्लॅब कसा तापला होता, नळाचं पाणीसुद्धा कसं चटके देत होतं, पेला उचलायला हात पुढे केला आणि हात आपला नाहीच असं कसं वाटलं. मग फरशी. हाक मारायची होती, पण घशातून आवाज निघेना. दुपार टळून गेली तरी त्या तिथेच होत्या. त्यांनी एकदाही पुढच्या रांगेकडे पाहिलं नाही. नजर न्यायाधीशांच्या टेबलावरच्या पाण्याच्या तांब्यावर लावून ठेवली.

सरकारी वकील मध्यमवयीन, गोड बोलणारे होते. उठून त्यांनी आधी वाकून नमस्कार केला.

"बाई, आपण जन्मभर वाफेत काम केलंत. उन्हाळा काही आपल्याला नवा नाही."

"वाफेचं आम्हाला माहीत होतं, साहेब. पाळी संपली की दार उघडून बाहेर यायचो. आता बाहेरही तेच आहे."

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. वकिलांनी ती ओसरू दिली.

"आपल्याला मुलगी आहे. त्या दिवशी आपण पडलात, हे तिला सांगितलंत?"

"नाही."

"काय सांगितलंत तिला?"

"कपाटाचं दार लागलं म्हणून सांगितलं."

"म्हणजे खोटं बोललात."

"हो."

"सख्ख्या मुलीशी."

"हो म्हटलं ना."

"मग आज आपण खरं बोलताय, यावर न्यायालयानं कसा विश्वास ठेवायचा?" वकिलांनी हात पसरले. "एकदा खोटं बोललेलं माणूस दुसऱ्यांदाही बोलू शकतं."

वकीलीण अर्धवट उठली, पण मुकादमबाईंनी हातानं तिला थांबवलं. कठड्याची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

"साहेब, पडले तर माझं घर सोडून तिच्याकडे जाईन, असा शब्द दिला होता मी तिला. म्हणून तेव्हा खोटं बोलले. घर वाचवलं. आज ती इथे बसलीय. आता खरं बोलले, म्हणजे घर गेलं. माणूस फायद्यासाठी खोटं बोलतं. नुकसान करून घ्यायला कोण बोलेल?"

न्यायाधीशांनी पेन उचललं आणि काहीतरी लिहून घेतलं. सरकारी वकिलांनी कागद चाळले, आणि "आणखी काही विचारायचं नाही," म्हणून खाली बसले. भूगोलबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. त्या वेळी मुकादमबाईंनी पुढच्या रांगेकडे पाहिलं. मुलगी मांडीवरची पाण्याची बाटली धरून बसली होती. ती रडत नव्हती. वाढदिवस कुणी विसरलं की लहानपणी जशी बसायची तशी बसली होती.

बाहेर जिन्यात बायकांनी मुकादमबाईंना गराडा घातला. कुणी पाठ थोपटली, कुणी म्हणालं, "बाई, तुम्ही त्याची बोलतीच बंद केलीत!" मुलगी त्या घोळक्याबाहेर उभी होती. बायका पांगल्यावर ती जवळ आली.

"राग आला?" मुकादमबाईंनी विचारलं.

"राग कसला? जीव जात होता तुझा, आणि मी त्या दिवशी दुकानात मजेत होते." मुलीनं बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं. "तू मला सांगितलं असतंस ना, तर मी चिडले असते, भांडले असते. पण हे असं परक्या लोकांत बसून ऐकावं लागलं, आई. त्या वकिलाच्या तोंडून."

सरकारला जाब विचारायला निघालेल्या बाईपाशी लेकीला द्यायला जाब नव्हता. खरं बोलल्याचा त्यांना पस्तावा नव्हता. ते आधी लेकीच्या कानात सांगितलं नाही याचा होता, आणि तो पुढेही कधी गेला नाही. "सामान फार नाहीये," एवढंच त्या म्हणाल्या.

आईनं दिलेला शब्द मुलीनं कधी उच्चारला नाही. उच्चारायची गरजही पडली नाही. जावईबापूंनी खोकी आणली, कपाट उतरवलं, जपून नेलं. वरच्या मजल्याच्या किल्ल्या घरमालकाला देऊन झाल्या. लेकीच्या घरी उजेडाची खोली मिळाली, गारव्याचं यंत्र मिळालं, आणि सगळ्यांनी त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपलं. तक्रारीला जागाच नव्हती. रेडिओ त्या हळू लावायच्या, कारण भिंतीपलीकडे जावई काम करत असायचे. "मोठा लावा ना," ते म्हणायचे. मग त्या बंदच करायच्या.

निकाल आला तो पुढच्या उन्हाळ्यात. भूगोलबाई फोनवर इतक्या मोठ्यानं ओरडल्या, की त्यांचा आवाज सगळ्या घरानं ऐकला. "जिंकलो! मुकादम, जिंकलो आपण! सरकारला बांधून घातलंय कोर्टानं. आणि तुझं वाक्य, अगं, जसंच्या तसं निकालात घातलंय! सगळ्याजणी वाचनालयात जमतायत. तू नसशील तर कसलं जिंकणं? नीघ लगेच."

मुकादमबाईंनी ठेवणीतले कपडे काढले. किती तरी महिन्यांनी त्या आरशासमोर एवढा वेळ उभ्या राहिल्या. पायात चपला सरकवल्या, तोवर मुलगी दारात आली.

"आई, आज नको ना."

"अगं, जिंकलोय आम्ही."

"हो, मला किती आनंद झालाय! पण बाहेर बघ काय तापलंय. सकाळपासून सांगतायत, म्हाताऱ्या माणसांनी घराबाहेर पडू नका." ती आईचा हात हातात घेऊन, अगदी मायेनं म्हणाली, "तूच तर शपथेवर सांगितलंस, काय होतं ते."

मुकादमबाईंनी उलट उत्तर शोधलं. सरकारी वकिलाला दिलं होतं तसलं एखादं. पण सापडलं नाही, कारण मुलीचं खरंच होतं. त्यांनी वाकून चपला काढल्या आणि भिंतीशी सरळ लावून ठेवल्या.

मुलीला वाईट वाटलं असावं. तिनं आईला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, काच ओढून घेतली आणि समोर बसून फोनवर निकाल उघडला. "थांब, मी तुला सगळा वाचून दाखवते. इथेच साजरं करू आपण." ती मोठ्यानं वाचू लागली. आईचं वाक्य आलं तेव्हा तिनं ते दोनदा वाचलं आणि हसून वर पाहिलं. मुकादमबाईही हसल्या. मग ती पुढे वाचू लागली.

"सबब हे न्यायालय असे जाहीर करते, की शासनाने ठोस उपाय योजले असते, तर या स्त्रियांना आपले उर्वरित आयुष्य स्वतःच्या घरात, स्वतःच्या इच्छेप्रमाणे आणि निर्धोकपणे..."

मुलगी थांबली. बंद काचेपलीकडे रस्ता पांढरा पडला होता, त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"वाच ना," मुकादमबाई म्हणाल्या.

"पुढे नुसती कलमं आहेत, आई."

"असू देत. काय काय जिंकलंय, ते कळू तरी दे मला."