रडकी खुर्ची

नाशिकच्या गोदाविलास नाट्यगृहात गोरा कलेक्टर रडला होता, ही थाप विश्वेशनं मारली तेव्हा त्याच्यासमोर अकरा जण जांभया देत उभे होते. विश्वेश सहा दिवस रामकुंडावर पौरोहित्य करायचा आणि रविवारी लोकांना जुनं नाशिक दाखवायचा. "वरच्या बॉक्समधल्या या खुर्चीत," तो म्हणाला, "साहेब नाट्यपद ऐकून घळाघळा रडला. साल एकोणीसशे बत्तीस." जांभया थांबल्या. सगळ्यांनी खुर्चीचे फोटो काढले. तेव्हापासून साहेब दर रविवारी रडू लागला.

खरं तर विश्वेशला आजीची गोष्ट सांगायची असे. त्या काळी बायका माडीवर चिकाच्या पडद्याआड बसत. त्याची आजी इंदिरा एका प्रयोगाला सरळ जिना उतरली आणि पहिल्या रांगेत, पुरुषांत जाऊन बसली. आजोबा तिसऱ्या रांगेत होते. ते पुढे तीन महिने तिच्याशी बोलले नाहीत. "पण नाटक काय स्वच्छ दिसलं रे!" एवढंच आजी म्हणायची. विश्वेशचा तिच्यावर फार जीव होता. लोक ही गोष्ट ऐकून "अरे वा" म्हणत आणि साहेबाची खुर्ची कुठे ते विचारत.

मग नाट्यगृहात इतिहासाची पितळी पाटी बसवायचं ठरलं. पाटी एकच. समितीच्या बैठकीत विश्वेशनं आजीचं नाव सुचवलं.

"पुरावा?" अध्यक्षा तेजश्रीताईंनी विचारलं. "तुम्ही तर तीर्थोपाध्ये. साऱ्या मुलखाच्या पिढ्या तुमच्या वह्यांत आहेत."

"त्या यजमानांच्या. आमच्या घरचं आमच्या वहीत नसतं."

बोलताना त्याचं त्यालाच कसंतरी झालं. लासलगावहून आलेल्या कुणाचाही खापरपणजोबा तो दोन मिनिटांत शोधून देई. स्वतःच्या आजीची मात्र एक ओळ नव्हती.

"मग साहेबाचंच बरं," ताई म्हणाल्या.

विश्वेश घाईनं उठला. "ताई, ते मी रचलंय."

तेवढ्यात कोपऱ्यातून खंडेराव उठले. नाट्यगृहाचे जुने डोअरकीपर, वय चौऱ्याऐंशी. "रचलंय काय म्हणतो रे? म्या सोता पाह्यलंय. लय रडला साहेब. त्याचा रुमाल माझ्या बापानं पिळून दिला."

साहेब रडला त्या साली खंडेरावांच्या जन्माला अजून आठ-नऊ वर्षं अवकाश होता. पण वडीलधाऱ्या माणसाला भर सभेत जन्मसाल कोण विचारणार!

"तुमचा विनय आवडला हं," ताई विश्वेशला म्हणाल्या, आणि ठराव पास झाला.

नाट्यगृहाच्या दारापासूनच पत्र्याच्या छपराखालची जुनी झाकली पेठ सुरू होते. तिथे भांड्यांवर नावं घालणारा गोटीराम बसतो. पाटीचं काम त्याच्याकडेच आलं होतं. विश्वेश गेला तेव्हा तो 'अश्रू' कोरत होता. विश्वेशनं समोरच्या दुकानातून एक पितळी पेला घेतला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"नाव घाल. इंदिरा, पहिली रांग."

"अन् खाली कोणाकडून भेट, ते?"

"नातवाकडून."

पेला त्यानं नाट्यगृहातल्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीला साखळीनं अडकवला. पुढच्या रविवारी गंगापूर रोडहून आलेली मृण्मयी नावाची एक प्राध्यापिका पाणी पिता पिता थांबली.

"ही इंदिरा कोण हो?"

विश्वेश लगबगीनं पुढे आला. अखेर कुणीतरी आपणहून विचारलं! त्यानं सगळं सांगितलं. पडदा, जिना, पहिली रांग, आजोबांचा तीन महिन्यांचा अबोला. ऐकताना मृण्मयीचे डोळे भरून आले. तिनं ते पदरानं पुसले.

"किती सुंदर रचता हो तुम्ही," ती म्हणाली. "चला, आता ती खरी गोष्ट दाखवा ना. साहेबाची खुर्ची."