पत्र्यावरचे सेल

खट्.

टेपचं बटण वर आलं. वाचन केव्हाच संपलं होतं, नुसती कोरी पट्टी फिरत होती. माझ्या लेकीचं, बेबीनंदाचं, बोट अजून धड्याच्या चौथ्या ओळीवर होतं.

"तू लई पळती," ती म्हणाली.

गाडीवानाचा तो धडा मीच वाचून कॅसेटमध्ये भरला होता. शेजारी बसून शिकवायला वेळ होत नाही, निदान आपला आवाज तरी लेकीजवळ बसेल, असं वाटलं होतं. तिसरीत येऊनही ती एकेक अक्षर लावत वाचायची आणि ओळ संपेस्तोवर पहिला शब्द विसरायची. गुरुजींनी निरोप धाडला होता : सोमवारी सगळ्यांसमोर वाचता आलं नाही, तर पोरीला परत दुसरीत बसवतो. सहा दिवस होते.

"बापावर गेली," उंबऱ्यात शेंगा फोडत बसलेल्या माझ्या सासूबाई म्हणाल्या. "तो पाटी वाचस्तोवर यष्टी मंठ्याला पोचती."

मी टेप पुन्हा लावला आणि लाइट गेली. मग बॅटरीतून काढून ठेवलेले जुने सेल घातले. माझाच आवाज जाड होऊन, ओढत ओढत आला.

"आई, तू म्हशीवानी बोलून राह्यली," बेबी खिदळली.

मीही हसले. हसता हसता तिच्या बोटाकडे लक्ष गेलं. ते आवाजाबरोबर चाललं होतं. टेपमधली मी "गाऽडीऽवाऽन" म्हणेपर्यंत तिची नजर त्या शब्दावर पोचलेली असायची. पान संपलं तेव्हा बोट शेवटच्या ओळीवर होतं.

दुसऱ्या दिवशी तेच सेल घातले, तर आवाज पुन्हा पळायला लागला. बेबी रडकुंडीला आली. सासूबाईंनी सकाळपासून सेल पत्र्यावर उन्हात मांडले होते. संपलेला सेल आमच्याकडे कुणी फेकत नाही, ऊन दाखवतात.

"आत्याबाई, नका ठेवू उन्हात."

"अगं, जीव येतो त्यांच्यात."

"तेवढा जीव नकोय सध्या."

त्यांनी माझ्याकडे येड्या बाईकडे बघावं तसं बघितलं. मग नातीजवळ बसल्या, तिचं अडलेलं बोट बघितलं आणि सगळा कारभार आपल्या हाती घेतला. "बेतानं देऊ ऊन. दुखण्यातून उठलेल्याला पेज देतात तसं."

त्या दिवसापासून सेल पत्र्यावर चढले ते सासूबाईंच्या मापानं. आधी ओंजळभर शेंगा फोडून होईपर्यंत, दुसऱ्या दिवशी दोन ओंजळी, मग सूपभर. आवाज रोज थोडा थोडा माझ्यासारखा होत गेला. रविवारी लाइटवर टेप लावला, तरी बोट मागं राहिलं नाही.

पण मला धाकधूक होती. वाचायला आलं, की नुसतं पाठ झालं?

सोमवारी मी भाकरी थापत असताना बेबी आली. दप्तर खांद्यावरच.

"गुरुजी म्हणले, हा धडा तुला पाठ दिसतो. पुढचा वाच."

माझा हात थांबला. "मंग?"

"मंग मनात तुझा जाड आवाज लावला. त्याच्यासंगं वाचला. बराबर पुरा वाचला. तिसरीतच बस म्हणले."

सासूबाईंनी सुपातले मूठभर दाणे तिच्या फ्रॉकच्या खिशात घातले. मी पिठाच्या हातांनी तिला जवळ ओढलं. तेवढ्यात तव्यावरून करपल्याचा वास आला.

"चल, सरक, दप्तर ठेव, हातपाय धू जल्दी, भाकर जळाली माझी," मी रोजच्यासारखं एका दमात म्हणाले.

ती हलली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"आई, तू एरवी तशी का बोलत न्हाईस? सेल संपल्यावर बोलती तशी?"