खंडेनवमीची शिट्टी

दीपिकाची शिट्टी रोज आंघोळ करते, हे अख्ख्या पेडगावाला ठाऊक होतं आणि अख्ख्या पेडगावाला त्याचं हसू येत होतं. येऊ दे. दिवसभर मैदानात धूळ खायची, थुंकीत भिजायचं आणि संध्याकाळी तसंच खुंटीला लटकायचं, हे एखाद्या नवऱ्याला चालत असेल, शिट्टीला चालत नाही, असं दीपिकाचं मत होतं. लग्नाआधी ती कबड्डी खेळायची, लग्नानंतर परीक्षा देऊन पंच झाली, आणि गावातल्या पोरांचा सराव संध्याकाळी तिच्याच शिट्टीवर चालायचा.

सराव संपला की वाटीभर कोमट पाणी, त्यात साबणाचा एक थेंब आणि लहान मुलांचा मऊ ब्रश. आधी शिट्टीचं तोंड घासायचं, मग पोट, मग आतली बुचाची गोळी पाण्यात गरगर फिरवायची. पाणी झटकायचं आणि तोंड खाली करून सावलीत टांगायची. उन्हात ठेवली तर बूच तडकतं, ओली राहिली तर फुगतं, आणि गोळी एकदा आत चिकटली की शिट्टी मुकी झालीच म्हणून समजा. वाळली की तिला पांढऱ्या कापडाची पिशवी.

"वैनी, शिट्टीला रोज कोमट पाणी आन् मला हौदातलं गार," तिचा दीर हरिओम कुरकुरायचा. "मी काय पाप केलंय?"

"तुमी कुटं वाजताव?" दीपिका म्हणायची.

सासू बानूबाई मात्र हसायची नाही. ओसरीवर बसून ती हा सोहळा रोज डोळे भरून बघायची. बानूबाईचा जन्म मेंढरांमागं गेलेला. लोकर कातरायची कातर, कोयता, कुऱ्हाड, ज्या वस्तूवर घर चालतं तिला जपायचं, एवढं तिला कळत होतं. आणि ही सून आपल्या हत्याराला जीव लावते, याचं तिला फार कौतुक होतं. सगळा घोटाळा या कौतुकानंच केला.

त्या वर्षी दसऱ्याच्या स्पर्धेचा अंतिम सामना पेडगाव आणि सेलू यांच्यात ठरला. मुख्य पंच कोण, यावर कमिटीचे अध्यक्ष व्यंकटराव दोन दिवस मिशा ओढत बसले. परीक्षा पास झालेली एकटी दीपिका. पण तिचा दीर पेडगावचा पहिल्या नंबरचा चढाईपटू, त्यात बाईमाणूस. शेवटी त्यांनी तिला मंडपात बोलावून सांगितलं, "हे बग सूनबाई. सामना नीट पार पडला तर इथून पुढं गावचा हरेक सामना तुज्याच हातात. पण एक जरी घोळ झाला, एक जरी शंका निगाली, तर पुन्यांदा ह्या मैदानात बाई पंच न्हाई. तू न्हाईस, तुज्यानंतरची बी कोणी न्हाई."

"घोळ होणार न्हाई," दीपिका म्हणाली. तिची शिट्टी गळ्यात होती, लख्ख होती, आणि माणूस अशा वेळी फार बोलतो.

सामन्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. दीपिका दुपारभर मैदानात फक्कीच्या पांढऱ्या रेषा आखत होती. इकडं घरी बानूबाईनं न्हाणीत हत्यारांची रांग लावली. विळा, कोयता, कुऱ्हाड, कातर, मोठ्या लेकाच्या, म्हणजे दीपिकाच्या नवऱ्याच्या, टेम्पोचा पाना. सगळ्यांना धुतलं, गंज चढू नये म्हणून करडीच्या तेलाचा हात दिला, हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या. हात जोडायला गेली आणि तिला आठवलं, सुनेचं हत्यार राहिलंच की! तिनं पांढरी पिशवी आणली. शिट्टीला तेल दिलं, तेही नुसतं वरून नाही. कातरीच्या खिळ्यात सोडतात तसं आत दोन थेंब सोडले. मग तोंडात चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू, चार अक्षता. "आई, माज्या सुनंला यश दे," म्हणाली. आणि सुनेला स्वच्छता लागते हे ठाऊक असल्यामुळं शिट्टी बाहेरून पदरानं चकचकीत पुसून पुन्हा पिशवीत ठेवली.

एरवी दीपिका घरून निघताना शिट्टी एकदा फुंकून बघायची. दसऱ्याच्या दिवशी पुरण शिजवण्याच्या गडबडीत तेवढंच राहून गेलं.

मैदान गच्च भरलं होतं. बायका एका अंगाला, बाप्ये तिन्ही अंगांनी, पोरं झाडावर. व्यंकटराव पांढरेफेक कपडे घालून, नारळ फोडून, मध्यरेषेजवळ हात जोडून उभे राहिले. दोन्ही संघ तयार झाले. दीपिकानं हात वर केला, छाती भरून श्वास घेतला आणि शिट्टी फुंकली.

फुस्स.

मैदानाला वाटलं, पंचबाई अजून तयार नाहीत. दीपिकाला वाटलं, आपलंच काही चुकलं. तिनं गाल फुगवून, डोळे मिटून, पोटातून जोर लावला. आणि शिट्टीतून लाल-पिवळा भपकारा उठला! व्यंकटरावांचा सदरा, मिशा, टोपी, सगळ्यांवर हळदकुंकू बसलं, आणि मागून सुटलेला तांदळाचा एक दाणा त्यांच्या गालावर टचकन लागला. मग झाडावरून कुणीतरी ओरडलं, "अध्यक्षांची वटी भरली!" आणि अख्खं मैदान हसून लोळायला लागलं. सेलूचा संघ हसत होता, पेडगावचा संघ हसत होता, चहावाला किटली खाली ठेवून हसत होता.

दीपिकाला तेवढं हसू आलं नाही. तिच्या तोंडात करडीच्या तेलाची चव होती. गोळी आत अशी चिकटली होती की बोटानं ठोकून, हलवून, आपटूनही हलेना.

"हे काय करायलीस, सूनबाई?" मिशा झटकत व्यंकटराव म्हणाले. "घोळ न्हाई म्हणलीस न्हवं? हा घोळ न्हाई तर काय हाय? परमेश्वर, तू हो मुख्य पंच."

परमेश्वर हा दुसरा पंच. माणूस भला, पण तंबाखूचा. त्यालाच दीपिकाची दया आली. "आसं कशाला? वैनी, माजी शिट्टी घ्या," म्हणून त्यानं आपली शिट्टी पुढं केली. त्या शिट्टीला जन्मापासून पाणी लागलं नव्हतं. तोंडाला दातांच्या खुणा, आत तपकिरी राप, आणि वास असा की दीपिकाची मान आपोआप मागं गेली. दुसऱ्याची शिट्टी आणि दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश, दोन्ही सारखेच, हे तिला परीक्षेत कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिलाच कळत होतं. तिनं श्वास रोखून ती ओठांपर्यंत नेली. दोनदा नेली. दोनदा परत आणली.

"जमंना का?" व्यंकटराव म्हणाले. "मग बस बायकांत जाऊन."

तेवढ्यात बायकांतूनच बानूबाई उठली. "मीच पुजली वो ती! खंडेनवमी न्हवं का? तिचं हत्यार उपाशी ठेवू का काय मी?" आणि रडवेल्या तोंडानं ती तरातरा मैदानात आली. "दीपे, मला काय ठावं आत गोळी आसती ते. आता काय करायचं?"

दीपिकाला राग येणार होता. पण सासूनं आपल्या शिट्टीला कुऱ्हाडीच्या रांगेत बसवलं, आपलं हत्यार आहे म्हणून पुजलं, हे ऐकल्यावर राग कुणावर आणि कसा काढायचा? तिनं सासूकडं बघितलं, आणि तिला सासूच्या उजव्या हाताची दोन बोटं दिसली.

ती दोन बोटं तोंडात घालून बानूबाई मेंढरांना शिट्टी मारायची. आखूड मारली की कळप जागच्या जागी थांबायचा, लांब मारली की अर्ध्या कोसावरून पळत यायचा.

"आत्याबाई," दीपिका म्हणाली, "तुमी वाजवा. मी हात वर केला की आखूड. सामना संपला की दोन्ही हात, तवा लांब. दुसरं काईच बघू नका, माज्या हाताकडं बगा."

व्यंकटरावांनी डोळे वटारले. "आन् हरिओमच्या वक्ताला म्हातारीचा आवाज बसला तर?"

सेलूचा कप्तान अजून डोळे पुसत होता. तो म्हणाला, "आमाला चालंल. निकाल बाईचा, आवाज आजीचा."

"आजी आसंल तुजी आय!" बानूबाई म्हणाली, आणि दोन बोटं तोंडात घालून तिनं अशी शिट्टी मारली की झाडावरची पोरं फांद्यांना चिकटली.

सामना सुरू झाला. काय सांगावं! दीपिका रेषेवर धावायची, हात वर जायचा, आणि त्याच क्षणाला मैदानाच्या कडेनं कान फाडणारी शिट्टी यायची. जणू दीपिकाच्या हातालाच आवाज फुटला होता. लोक खेळ बघायचं विसरून बानूबाईकडं बघायला लागले. एका पकडीत सहाजण एकमेकांवर पडले, बानूबाईची शिट्टी ऐकून सहाच्या सहा तिथंच गोठले. मध्यंतरात बायकांनी तिला गूळपाणी दिलं, पदरानं वारा घातला. व्यंकटराव हळदकुंकवासकट खुर्चीत बसून होते, आणि त्यांचा पाय नकळत ताल धरत होता.

आणि मग आली शेवटची चढाई. गुण बरोबरीत. चढाईला हरिओम.

"कबड्डी कबड्डी कबड्डी..." हरिओम डावीकडून शिरला, उजवीकडं वळला, सेलूचा कोपऱ्यातला गडी त्याच्या अंगावर झेपावला, तो मागं सरकला, आणि दीपिकाला दिसलं. हरिओमची टाच बाहेरच्या रेषेवर, फक्कीत, चक्क टेकली होती. कुणाला हात लागायच्या आधी.

दीपिकानं हात वर केला.

शिट्टी आली नाही.

हरिओमनं वाकून सेलूच्या गड्याला हात लावला, उडी मारून मध्यरेषा गाठली, आणि पेडगाव उसळलं. ढोल सुरू झाला. आणि दीपिकाचा हात तसाच वर. तिला व्यंकटरावांचं वाक्य आठवलं, आवाज बसला तर? तिनं सासूकडं बघितलं. बानूबाईची दोन बोटं तोंडात होती आणि डोळे लेकावर होते. ज्या लेकाला तिनं पाठीवर बांधून मेंढरं राखली, तो लोकांच्या खांद्यावर चढायला निघाला होता. दीपिकानं हात आणखी वर ताणला, अगदी टाचा उचलून. आत्याबाई, इकडं बघा. एकदाच इकडं बघा.

बानूबाईनं सुनेच्या हाताकडं बघितलं.

आणि शिट्टी वाजली. दिवसभरातली सगळ्यात कडक.

ढोल थांबला. "चढाई बाद!" दीपिका म्हणाली. "टाच रेषेवर. गुण सेलूचा."

"काय बाद? कोण बाद?" गाव ओरडायला लागलं. हरिओम लाल झाला. "आय, तू तरी..."

"टाच दाव," बानूबाई म्हणाली.

"आय!"

"टाच दाव म्हणलं न्हवं!"

हरिओमनं पाय उचलला. टाच पांढरीशुभ्र होती.

ढोलवाल्यानं ढोल गळ्यातून काढून खाली ठेवला. वेळ संपली होती. दीपिकानं दोन्ही हात वर केले, आणि बानूबाईनं जीव खाऊन लांब शिट्टी मारली.

ती लांब शिट्टी फक्त मैदानातच ऐकू जाईल, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पण सोयाबीन काढलेल्या रानात दीपिकाचा नवरा रामप्रसाद त्या दिवशी टेम्पो उभा करून घरचा कळप राखत होता. सेलूच्या कप्तानाच्या हातात चषक पडतोय तोच आधी धुळीचा लोट दिसला. मग बें बें आवाज आला. मग मंडपाची कनात फाडून अख्खा कळप मैदानात शिरला! फक्की गेली, रेषा गेल्या, सेलूचा कप्तान चषकासकट एका मेंढ्यावर उलटा बसला. व्यंकटराव खुर्चीवर चढले. सगळी मेंढरं बानूबाईभोवती गोळा होऊन आज्ञाधारकपणे उभी राहिली, आणि त्यांच्या मागून धापा टाकत रामप्रसाद आला.

"काय चाललंय काय हितं?" तो म्हणाला. "दुपारधरनं मेंढरं घडीघडी थांबायलेत. एक काडी चरली न्हाईत!"

व्यंकटराव खुर्चीवर उभे राहून हसत सुटले. हसता हसता त्यांच्या मिशांतलं कुंकू गळत होतं. शेवटी दम लागला तेव्हा ते म्हणाले, "सूनबाई, पुढला सामना बी तुजाच. हरेक सामना तुजा. आपल्या घरचा गडी बाद करणारी पंच मला कुटं मिळायची? फकस्त मेंढरं बांदून या."

दिवेलागणीला दीपिका ओसरीवर वाटी घेऊन बसली. तेल लवकर निघेना. तीनदा कोमट पाणी बदललं तेव्हा गोळी सुटली आणि गरगर फिरली. बानूबाई शेजारी येऊन टेकली. आपली दोन बोटं तिनं गुपचूप वाटीत बुडवली.

"ही बी धू," ती म्हणाली. "धूळ खाल्लीय दिवसभर."

दीपिकानं हसत हसत त्या बोटांवरून मऊ ब्रश फिरवला. मग हळूच विचारलं, "आत्याबाई, तवा थांबलात का वो?"

"आय व्हते म्हणून थांबले," बानूबाई म्हणाली. "मग तुजा हात दिसला. म्हणलं, आय घरी. हितं मी शिट्टी हाय. आन् शिट्टीला कुटं लेकरं आसत्येत?" एवढं बोलून तिनं डोळे पुसले आणि ती खुदकन हसली. दीपिकानं सासूचा ओला हात आपल्या गालाला लावला.

आतून हरिओम आला. मैदानावरून आल्यापासून तो भिंतीकडं तोंड करून पडला होता. दोघींसमोर उभा राहून त्यानं पाय पुढं केला. टाच अजून पांढरीच होती.

"घ्या," तो म्हणाला. "सगळ्यांच्याच आंघोळी चालल्यात, तर ही बी धुवा. तुमीच पकडली न्हवं?"

दीपिकानं ब्रश झटकन पाठीमागं लपवला.

"हा शिट्टीचा हाय," ती म्हणाली. "न्हाणीत टाचा घासायची वजरी हाय, ती घ्या. पाणी मात्र कोमट देते."