स्वस्त झालेला माणूस

"लिओटाला देऊन टाकतोय," गॉर्डन हॅल्डेन म्हणाला. संघाचे सगळे सौदे ठरवणारा तोच. भिंतीवरच्या फळ्यावरून त्याने त्या खेळाडूच्या नावाची लोहचुंबकी पट्टी ओरबाडली आणि टेबलावर फेकली. "बदल्यात ड्राफ्टमधली तिसऱ्या फेरीची ही आत्ताची निवड आपली. ॲन्सेल, लीगला फोन लाव."

टोलेडोच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या त्या बंद खोलीत टाळ्या वाजल्या. ड्राफ्टचा दिवस होता : लीगमधले संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडत होते आणि आत्ताची पाळी पलीकडच्या संघाची होती. पडद्यावर घड्याळ उलटं धावत होतं : चार मिनिटं चाळीस सेकंद. तेवढ्या वेळात दोन्ही संघांनी लीगला फोनवरून सौदा कळवायचा. एकाने जरी कळवला नाही, तरी तो झालाच नाही. त्यातही लीग ऐकत असे ते नाव नोंदलेल्या माणसाचंच. टोलेडोचा तो माणूस म्हणजे लीगने घातलेल्या एकूण पगारमर्यादेचा हिशेब सांभाळणारा ॲन्सेल प्रुइट.

एरवी तो आकड्यांपलीकडे बोलत नसे. आज त्याचे कान तापले.

"मार्चमध्ये त्याने आपला पगार निम्म्यावर आणला. आपण मर्यादेत बसावं म्हणून."

"म्हणूनच तर गिऱ्हाईक मिळालं! एवढ्याशा पगारात असा भिंतीसारखा गडी कुठे मिळतो? तुझीच करामत, बाबा."

ॲन्सेलला टाविटा लिओटाचं स्वयंपाकघर आठवलं. सीना वहिनी नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं आग्रहाने वाढत होती. "लेक इथल्या शाळेत रुळलीय, मास्तर," लिओटा म्हणाला होता. "मला इथेच राहायचंय. हॅल्डेन कागदावर लिहून देत नाही. तू सांग, पुरे." आणि ॲन्सेलने सांगितलं होतं : इथेच राहशील. आकड्यांचा जाणकार म्हणवणाऱ्याला एवढं दिसू नये? पगार जड असतो तोवर खेळाडूला कुणी हात लावत नाही. हलका झाला की कुणीही उचलून नेतं. घराभोवतीचं कुंपण त्याने आपल्या हाताने उपटलं होतं, आणि वर त्याच घरी जेवूनही आला होता.

त्याने फोन लावला; लीगला नव्हे.

"बोला मास्तर! कुणाला उचलताय? माझ्या शेजारी उभा राहील असा दांडगा बघा हं, मागच्या वर्षीसारखा काडीपैलवान नको."

"तुलाच उचलून देतायत, टाविटा."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"मार्चमध्येही तूच बोलला होतास," लिओटा सावकाश म्हणाला. "तेव्हा तर घास तोंडात होता तुझ्या." फोन बंद झाला.

"तमाशा पुरे!" हॅल्डेन ओरडला. "दीड मिनिट उरलंय! लाव फोन!"

ॲन्सेलने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि त्यावर तळहात दाबला.  

"मी शब्द दिलाय."

"तुझा शब्द? तू कोण रे? बेरजा करणारा!"

"म्हणूनच सांगतो, ही बेरीज चुकलीय. आणि ती माझी आहे."

घड्याळात नऊ सेकंद असताना पलीकडच्या संघाने आपली निवड स्वतःच वापरून खेळाडू जाहीर केला. सौदा बारगळला. पडद्यावर एक अनोळखी मुलगा आईच्या गळ्यात पडून रडत होता.

"चालता हो," हॅल्डेन म्हणाला.

ॲन्सेलने गळ्यातलं ओळखपत्र काढून ठेवलं, लिओटाची पट्टी उचलली आणि फळ्यावर तिच्या जागी दाबून बसवली. उद्या या फोनवर दुसरा कुणी बसेल. लिओटा उद्याही तेवढाच स्वस्त असेल. त्याने पट्टी पुन्हा एकदा, नख पांढरं पडेपर्यंत दाबली.