दोन दारांची गाडी

चोकचं काळं बटण कडेनं झिजून पांढुरकं झालेलं — सलाउद्दीननं ते दोन बोटांत धरलं, पण ओढलं नाही. चाळीस वर्षं अशी बटणं ओढली ती दुसऱ्यांच्या गाड्यांची. गाडी येते, बरी होते, निघून जाते... गेल्या महिन्यात शालीमारजवळचं गॅरेज जावयाच्या, मुबीनच्या हाती सोपवलं आणि त्याला वाटलं, आता एक गाडी अशी असावी जी परत द्यायची नाही. रविवारी सकाळी काढायची, गंगापूर धरणापर्यंत जायचं, यायचं. बस.

देवळाली कॅम्पातल्या बंगल्याच्या पोर्चमध्ये विकायला उभी असलेली ही जुनी लाल एमजी, दोनच माणसांची, वरून उघडी. मालकीणबाई "बघा निवांत" म्हणून आत गेल्या होत्या. त्यानं खाली वाकून पत्रा ठोकून पाहिला होता — तळाचा पत्रा वयानं गेलेला, दुसरा गिअर कुरकुरणारा. कारागीर म्हणून विचाराल तर सकाळी पिंपळगावला पाहिलेली ती दुसरी जुनी गाडी, हेरल्डच घ्यावी. तिथं द्राक्षांच्या पॅकहाऊसमागच्या शेडमध्ये तिच्या मालकानं, खंडेरावांनी ताडपत्री ओढली, अर्ध्या किल्लीत इंजिन बोललं. "मिस्तरी, रॅलीत पळालेली हाय ही. लय जीव लावला. पण आता माझी पाठ नाय ऐकत." दोनच दारं, पण मागं नातवंडं बसतील. सगळं हेरल्डच्या बाजूनं होतं, आणि तरी तो इथून उठत नव्हता...

कारण अशीच एक लाल गाडी, एकतीस वर्षांपूर्वी. ज्यांच्या हाताखाली तो काम शिकला ते उस्ताद मालेगावला गेलेले, कुण्या कॅप्टनची गाडी दुरुस्त होऊन दारात उभी, आणि लग्नाला सहा महिने झालेली हमीदा डबा घेऊन आलेली. "बस," तो म्हणाला होता, "ट्रायल घ्यायचीय." त्र्यंबक रोडनं थेट अंजनेरीपर्यंत — ओढणी मागं फडफडणारी, आणि हमीदा हसत होती, सारखी हसत होती. पुढं गॅरेज बंद पडायची वेळ आली, अम्मी गेली, हात मशीनमध्ये सापडला — दर वेळी त्यानं ती दुपार आतून काढून पाहिली होती. ते हसू होतं म्हणून निभावलं, असंच त्याला वाटायचं.

"हमीदा, ये ना. बसून बघ."

पोर्चच्या पायरीवर थांबलेली ती पर्स छातीशी धरून आली, शेजारी बसली. गुडघे आखडले तिचे.

"अंजनेरी आठवते?"

"न आठवायला काय झालं, सुहानाचे अब्बा? सुहाना पोटात होती, दुसरा महिना. घशाशी येत होतं सारखं. डोळ्यांत ही धूळ... मी कलमा पढत बसले होते."

"पण तू तर हसत होतीस."

"तुम्ही दर वळणाला माझ्याकडे बघत होतात." ती पदर नीट करत सहज म्हणाली. "इतके खूश कधी दिसला नव्हतात. मग काय, रडायचं?"

समोर बोगनवेलीची फुलं फरशीवर सरकत होती. म्हणजे त्या गाडीत मी एकटाच होतो? — आणि लगेच, नाही, एकटा कसा. ती होतीच, ओकारी दाबून, माझ्यासाठी हसत... त्याला आधी लाज वाटली, मग राग, कुणाचा ते कळेना, आणि मग त्याच्याही खालून काहीतरी ओलं वर आलं. एकतीस वर्षं जे हसू त्यानं जपलं ते त्याला वाटलं त्यापेक्षा वेगळं होतं. कदाचित जास्त महाग. आणि बाकीची हसणी? ईदच्या साड्यांवरची, सुहानाच्या निकाहातली, परवाच्या खिचड्याच्या जेवणातली?

मालकीणबाई दारात आल्या. "मग, ठरलं का?"

"दोन मिनिटं," तो म्हणाला आणि हमीदाकडे वळला. "तुला कुठली आवडली?"

"मला विचारताय?"

"हो."

ती हसायला लागली, आणि मध्येच थांबली. "मग जरा विचार करू द्या," म्हणाली, आणि समोरच्या काचेतून बाहेर पाहत राहिली.

तो थांबला. ती आता काय बोलेल याचा त्याला काहीच अंदाज नव्हता — आणि छातीत धडधडत होतं, तिला पहिल्यांदा पाहायला गेला होता तेव्हासारखं.