जांभळ्या पट्ट्या

पिंजऱ्यात काय अंथरावं या विषयावर जगातला प्रत्येक माणूस तज्ज्ञ असतो, हे मला ढब्बी आणि ठमी या दोन गिनीपिग घरात आल्यावर कळलं. दुकानदाराने आधी लाकडाचा भुसा गळ्यात मारला. "ताई, डोळे मिटून न्या, सगळे हाच नेतात." डोळे मिटून नेला आणि तिसऱ्या दिवशी ठमी शिंकायला लागली. एवढासा जीव, पण शिंकली की पिंजरा हलायचा. भुसा परत घेऊन गेले तर म्हणे, "थंडी वाजली असेल तिला." मी ती पिशवी त्याच्या काउंटरवर उपडी केली. भुसा उडाला आणि तोही शिंकला. "तुम्हालाही थंडी वाजली का?" एवढं विचारून मी बाहेर पडले. माझा राग हा असा. नाकाच्या शेंड्यावरच असतो, बोलवावा लागत नाही.

मग जुना टॉवेल अंथरला, तर ढब्बीची नखं त्याच्या धाग्यांत अडकली. मग गवत. ते दोन दिवसांत ओलं झालं आणि असा वास सुटला की खालच्या मजल्यावरच्या वहिनी "काही मेलंय का हो वर?" म्हणून विचारायला आल्या. शेवटी जनावरांच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, "साधा कागद बारीक कातरून घाला. धूळ उडत नाही आणि ओल शोषली जाते. फक्त रंगीत शाईचा नको, गुळगुळीत नको आणि पिन तर अजिबात नको. जे अंगाखाली असतं तेच ही तोंडात घालतात."

कातरलेला कागद आमच्या ऑफिसात पोत्याने पडलेला असतो.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मी तक्रारी घेते. कानाला हेडफोन, समोर स्क्रीन, दुपारी बारा ते रात्री आठ. दिवा लागत नाही, दार घासतं, आवाज येतो, असल्या तक्रारी पिवळ्या. माणूस आत अडकला असेल तर लाल. लाल तक्रारीत आधी दोनच प्रश्न विचारायचे: आत कोण आहे आणि किती वेळ झाला. लाल बटण दाबलं की थेट मुख्य कचेरीत घंटा वाजते. मग तक्रार करणाऱ्याने स्वतः "सुटका झाली" म्हटल्याशिवाय ती नोंद कोणालाही बंद करता येत नाही, आमच्या साहेबांनासुद्धा. आणि कोणी खोटी लाल नोंद केली, तर त्याची नोकरी गेलीच म्हणून समजा.

साहेबांना आम्ही पाठीमागे बघतोसाहेब म्हणतो. काहीही मागा, मान तिरकी करून ते म्हणणार, "बघतो हं." आवाज कधी चढायचा नाही, कपाळाला आठी पडायची नाही. गोगलगाय आणि पोटात पाय. या माणसाकडे मी अकरा महिने सकाळची पाळी मागत होते. माझी लेक नऊ वर्षांची. शाळा तीनला सुटते. घरात आम्ही दोघीच, त्यामुळे गळ्यातल्या किल्लीने ती दार उघडते, आणि मी पोचेपर्यंत साडेआठ वाजतात. सकाळच्या पाळीत मी साडेचारला घरी असते. एवढंच मागणं होतं. चार अर्ज दिले, चारही अर्ध्या कागदावर, लेकीने वाढदिवसाला दिलेल्या जांभळ्या पेनने. त्या पेनने लिहिलेलं खरं होतं, असं तिचं म्हणणं. साहेबांचं उत्तर चारही वेळा एकच: "वर पाठवलाय. बघतो हं."

गिनीपिग आणले तेही यामुळेच. एकदा जेवता जेवता ती म्हणाली, "आई, तू येईपर्यंत मी फ्रिजशी बोलते. तो मधूनमधून हुं म्हणतो." त्याच आठवड्यात ढब्बी आणि ठमी घरात आल्या.

तर कागद. साहेबांच्या केबिनबाहेर कागद कातरायचं मशीन आहे. त्याची पिशवी शिपाईमामा दर शनिवारी रिकामी करतात. "न्या की, मला तेवढंच ओझं कमी," म्हणाले. लेकीने हे काम फारच मनावर घेतलं. रविवारी सकाळी चटईवर बसून ती पट्टी न् पट्टी तपासायची. साधी पिंजऱ्यात, रंगीत असली तर बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात. ठमीची शिंक थांबली. दोघी कागदात बोगदे करून झोपायला लागल्या. चला, एक तरी गोष्ट मार्गी लागली, असं मला वाटलं.

गेल्या शनिवारी मामांनी दोन पिशव्या हातात दिल्या. "साहेबांनी कपाट आवरलं," म्हणाले.

रविवारी मी ओट्याशी होते. मागून लेकीचा आवाज आला.

"आई, यात मी आहे."

"कशात?"

"कागदात. आणि हे तुझं अक्षर आहे."

तिने फरशीवर पट्ट्या एकाखाली एक लावल्या होत्या. माझा अर्धा कागद मशीनमध्ये आडवा घातलेला, म्हणून ओळी शाबूत राहिल्या होत्या. जांभळ्या शाईत: 'माझी मुलगी नऊ वर्षांची असून'. त्याखाली: 'ती घरी एकटी असते'. त्याखाली: 'कृपया सहानुभूतीने विचार व्हावा'. तिने आणखी एक पट्टी उचलून माझ्यासमोर धरली.

"यात मी आठ वर्षांची आहे."

तो पहिला अर्ज होता. चारही होते, अगदी सह्यांसकट. तळपायाची आग मस्तकात गेली. अर्जाला केराची टोपली दाखवतात हे ऐकून होते, गिनीपिगचा पिंजरा दाखवलेला पहिल्यांदाच पाहत होते. म्हणे वर पाठवलाय! वर कुठला, खाली पाठवला होता मेल्याने, ठमीच्या बुडाखाली.

"त्यांनी वाचलंच नाही का गं?" लेकीने विचारलं.

मी गॅस बंद करून तिच्याशेजारी फरशीवर बसले.

"मग या पट्ट्या डब्यातच ठेवू ना? रंगीत आहेत."

"डब्यातच ठेव," मी म्हणाले. "ढब्बी-ठमीच्या पोटाला बाधतील."

सोमवारी पंधरा मिनिटं आधी पोचले आणि डबा पिशवीत ठेवून केबिनमध्ये गेले. म्हटलं, एक संधी द्यावी.

"साहेब, माझ्या अर्जाचं काय झालं?"

"वर पाठवलेत ना, चारही. कालच फोन करून आठवण केली मी. बघतो हं."

"काल रविवार होता, साहेब."

मान तिरकी झाली. मी डबा उघडला आणि त्यांच्या काचेच्या टेबलावर रिकामा केला. जांभळ्या पट्ट्या पसरल्या, सोबत, रविवारी फरशीवर पट्ट्यांवरून फिरलेल्या ढब्बीच्या दोन-चार लेंड्याही घरंगळल्या. साहेबांनी खुर्ची मागे ओढली.

"अहो, चुकून गेले असतील. असं करा, नवीन अर्ज द्या. या वेळी टाइप करून द्या."

"चारही चुकून? तुम्ही पहिल्याच दिवशी नाही म्हणाला असता, तर मी दुसरी नोकरी शोधली असती. नाही म्हणायला जीभ झडत होती का? तुमच्या त्या गोड 'बघतो'पायी माझी पोर अकरा महिने फ्रिजशी बोलली!"

"हळू बोला. बाहेर ऐकू जातंय."

"जाऊ दे!"

बाहेर आले. सगळे स्क्रीनमध्ये डोकं घालून बसले होते, मामा तेवढे माझ्याकडे पाहत होते. बारा वाजले. मी हेडफोन चढवला आणि आधी नीट पाहिलं. शहरात कोणी अडकलेलं नव्हतं, एकही लाल नोंद नव्हती. म्हणजे माझ्यापायी कोणाचा खोळंबा होणार नव्हता. नोकरी जाईल हे ठाऊक होतं. गेली तर गेली, दुपारी तीनला घरी तरी असेन.

तक्रारदार: मी. पत्ता: माझ्या घराचा. आमच्या इमारतीला लिफ्टच नाही. मी लाल बटण दाबलं.

अर्ध्या मिनिटात मुख्य कचेरीतून फोन आला. साहेब केबिनच्या दारात आले होते आणि दोन्ही हात हलवत होते. "बंद करा! अहो, बंद करा ते!" त्यांचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"तुमच्याकडून लाल नोंद आलीय," पलीकडचा माणूस घाईने म्हणाला. "आत कोण आहे?"

"माझी मुलगी."

"एकटीच?"

"एकटीच."

"घाबरू नका बाई. किती वेळ झाला?"

"अकरा महिने," मी म्हणाले. "लिहून घ्या. अडकली तेव्हा आठ वर्षांची होती."